मद्रासची रेघ

प्रोफेसरांना निरोगी माणसांचं वेड होतं. मधुमेहावर संशोधन करणाऱ्या डॉक्टराला आजारी माणसांत रस असेल असं आपल्याला वाटतं. यांचं तसं नव्हतं. आजारी माणूस समोर आला की ते त्याला जीव लावत, पण त्यांचं मन रमायचं ते धडधाकटांत. बसमध्ये शेजारी एखादा तब्येतीने बरा गृहस्थ येऊन बसला की त्याच्या कोपराच्या खोबणीतल्या शिरेकडे ते असं टक लावून बघत, की तो बिचारा पुढच्या थांब्यावर उतरून जाई.

"आजार म्हणजे काय तें पुस्तकांत आहे, बाई," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. "निरोगी म्हणजे काय तें कोणीं लिहिलें नाहीं. जें लिहिलें तें गोऱ्या माणसाचें. तो सकाळीं डुकराचें मांस खातो. आमचें रक्त त्याच्या रक्ताशीं कां ताडावें?"

ते असंच बोलत. त्यांचे पूर्वज तंजावरला येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. मराठी मात्र त्यांनी तेव्हाची तशीच जपून ठेवली होती, आणि ती तमिळच्या चालीवर म्हटल्यासारखी बोलत. मी खडकीची. नवऱ्याची बदली मद्रासजवळच्या आवडी गावाला झाली म्हणून सरकारी क्वार्टर्समध्ये येऊन पडलेली. रसायनशास्त्राची बी.एस्सी. होते आणि दिवसभर करायला काही नव्हतं. हॉस्पिटलातल्या प्रोफेसरांच्या प्रयोगशाळेत जागा आहे असं कळलं म्हणून गेले. त्यांनी माझं प्रमाणपत्र उलटं धरून पाहिलं, मग म्हणाले, "बाही वर घ्या." मी घाबरत घाबरत घेतली. "उत्तम शीर," ते म्हणाले, "उद्यांपासून या." माझी नेमणूक साहाय्यक म्हणून झाली की नमुना म्हणून, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

ते पेपर किती लिहीत याला सुमार नव्हता. जेवताना लिहीत, बसमध्ये लिहीत, कचेरीच्या दारात शिपाई 'साहेब आत बोलावतात' म्हणाला तरी हातातलं वाक्य पुरं करूनच आत जात. विषयाचं त्यांना वावडंच नव्हतं. कारलं झालं, फणस झाला, नाचणीची आंबील झाली. देवळाच्या तळ्याभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्यांची साखर आधी आणि नंतर तपासून झाली. एका लग्नात नागस्वरम वाजवणाऱ्याला त्यांनी वाजवण्यापूर्वी आणि वाजवून झाल्यावर टोचलं. "फुंकण्यांत किती साखर जाते पाहूं," म्हणाले. तो कलावंत म्हणाला, "दोनदा टोचलंत, बिदागीही दोनदा द्या." प्रोफेसरांनी दिली. प्रयोगशाळेतल्या उंदरांना त्यांनी एकदा रसमभात घातला. उंदरांनी भात खाल्ला आणि रसम ठेवलं. त्यावरही त्यांनी एक टिपण छापून आणलं.

पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच मोठा प्रश्न होता. सकाळी उपाशीपोटी मद्रासच्या निरोगी माणसाच्या रक्तात साखर किती असते? ती किती असायला हवी हे ठरलं, की कुणाला मधुमेह आहे आणि कुणाला नाही याची रेघ ओढता येईल. विलायती पुस्तकात एक रेघ होती. प्रोफेसरांना आपली स्वतःची हवी होती.

"निरोगी माणूस हॉस्पिटलांत येणार नाहीं," ते म्हणत. "आला तर निरोगी राहणार नाहीं." म्हणून हे काम त्यांनी मैलापूरला आपल्या घरीच मांडलं. जुन्या पद्धतीचं लांबलचक घर. रस्त्याला लागून ओटा, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात, आणि पार मागे स्वयंपाकघर. पहाटे गल्लीतले लोक यायचे. कारकून, शाळामास्तर, समोरचे म्हातारे वकील. मी तिण्णैवर बसून एकेकाचं रक्त काढायचे. नळ्या बर्फात घालून टिफिन कॅरियरमध्ये रचायच्या आणि बसने प्रयोगशाळेत न्यायच्या. कंडक्टर रोज विचारी, "आज काय भाजी?" एकदा मी खरं सांगितलं. तेव्हापासून मला बसायला कायम जागा मिळू लागली.

प्रोफेसर प्रत्येकाला जातीने विचारत, "उपाशी ना?" आणि प्रत्येक जण छातीवर हात ठेवून म्हणे, "उपाशी." वकिलांना तर तो प्रश्नच अपमान वाटे. "सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही, हे या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे!"

यातला कुणीही खोटं बोलत नव्हता. अडचण होती ती नेमकी तिथेच.

प्रोफेसरांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. अक्कांच्या दारात गवळी गाय घेऊन सगळ्यांच्या आधी येई आणि तिथेच धार काढून देई. गल्लीत बाकीच्यांकडे दूध यायला अजून वेळ असे. तेव्हा रक्त द्यायला आलेला माणूस तिण्णैवर चढायच्या आधी सरळ घरातून मागे जाई, अक्कांच्या हातची पितळी पेल्यातली फेसाळ कॉफी पिई, उपरण्याने ओठ टिपी आणि मग बाहेर येऊन हात पुढे करी, उपाशी. कॉफी ही खाण्यात धरायची गोष्ट आहे असं त्या अख्ख्या गल्लीत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. एकादशीला पाण्यालाही न शिवणाऱ्या बायका कॉफी पीत. मी तरी काय वेगळी होते? आमच्याकडे उपासाला चहा चालतोच. आवडीहून पहिल्या गाडीने आलेल्या मला अक्का हाताला धरून आत नेत. "अग, तोंड कसें सुकलें आहे तुझें! आधीं हें घे." मीही घेई. मीही त्यांच्या निरोगी माणसांपैकी एक होतेच.

आणि त्या साऱ्या मैलापुरात कॉफी न पिणारा एकच माणूस होता. लहानपणापासून पित्ताचा त्रास, म्हणून प्रोफेसर सकाळी नुसतं गरम पाणी पीत. जी गोष्ट स्वतः कधी चाखली नाही ती दुसऱ्याच्या पोटात असेल हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

आकडे जमत गेले, आणि मद्रासची रेघ विलायती रेघेच्या बरीच वर निघाली. प्रोफेसरांना आकाश ठेंगणं झालं. आलेख घेऊन ते घरभर फिरले. "पाहा, पाहा! आमचें रक्तच गोड! किती संतोष!" कारण शोधायला ते बसलेच नाहीत, कारणं त्यांच्याकडे धावत आली. तांदूळ, चिंच, उकाडा. प्रत्येकावर एक पेपर झाला.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा.

एकदा अक्का बहिणीच्या बाळंतपणासाठी तंजावरला गेल्या. आठवडाभर त्या घरात चूल पेटली ती प्रोफेसरांच्या पाण्यापुरती. लोक आले, रक्त देऊन कॉफीसाठी आपापल्या घरी पळाले. प्रयोगशाळेत आकडे मीच काढायचे. त्या आठवड्याचे आकडे खाली आले. सगळ्यांचे. माझासुद्धा. अक्का परतल्या आणि आकडेही वर परतले. रंगावरून साखर मोजायच्या कलरीमीटरच्या काचेतून बघता बघता मला सगळं लख्ख कळलं.

मी प्रोफेसरांना फक्त आकडे दाखवले. ते म्हणाले, "ह्या आठवड्यांत उकाडा कमी होता, नाहीं कां?" मी म्हटलं, "होता थोडा." त्यावर 'हवामान आणि रक्तशर्करा' असा एक पेपर झाला.

का नाही बोलले? प्रोफेसरांची मला भीती वाटत नव्हती, त्यांना कुणीच भीत नसे. खरं कारण फार लहान आहे. त्या परक्या शहरात मला मराठीत 'तोंड सुकलें आहे' म्हणणारं एकच स्वयंपाकघर होतं. मी बोलले की पहाटेचा तो पेला बंद, त्याच्याबरोबरची अक्कांची बडबड बंद, आणि प्रोफेसर आलेख घेऊन घरभर नाचत ते बंद. आज नको, उद्या सांगू, असं म्हणत मी गेले.

एवढ्यात मद्रासची रेघ आलेखावरून उतरून हॉस्पिटलात आली. आमच्या विभागात तिच्याप्रमाणे निवाडे होऊ लागले. रेघेखालचे ते निरोगी, घरी जा. एके दिवशी अंबत्तूरच्या एका कारखान्यातला टर्नर आला. लघवीत साखर दिसली म्हणून कारखान्याच्या डॉक्टराने धाडलेला. भल्या पहाटे निघालेला, वाटेत पाणीसुद्धा न घेतलेला. म्हणजे खरोखरचा उपाशी, आमच्याकडे आलेला बहुधा पहिलाच. त्याची साखर पुस्तकातल्या रेघेच्या वर होती आणि आमच्या रेघेच्या किंचित खाली. प्रोफेसरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नॉर्मल! मद्रासी नॉर्मल!" तो माणूस हात जोडून, हसत, जवळजवळ उड्या मारत गेला. मी त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

सांगायला मला त्यानंतरही काही दिवस लागलेच. शहरात डॉक्टरांची मोठी परिषद भरायची होती. तिथे प्रोफेसर मद्रासच्या रेघेवर निबंध वाचणार होते. दिल्लीच्या एका मोठ्या जागेसाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं, तेही त्या रेघेच्या जोरावरच. ते भाषण घोकत असताना मी म्हटलं, "सर, तिण्णैवरचे लोक उपाशी नसतात."

"असतात. मी विचारितों."

"ते आत कॉफी पिऊन येतात."

त्यांनी चष्मा काढला. "दुधाची?"

"हो."

"साखर घालून?"

"हो."

"किती साखर?"

"अक्का घालतात तेवढी."

प्रोफेसरांनी डोळे मिटले. "म्हणजे पुष्कळ," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "तुम्हांस कधीं कळलें?"

"मागच्या आठवड्यात," मी म्हटलं.

ते उठले आणि मला घेऊन तडक घरी आले. अक्का उंबऱ्यात भाजी निवडत बसल्या होत्या.

"तूं ह्या लोकांस कॉफी देतेस?"

"मग? दारीं आलेल्या माणसाचें रक्त काढायचें आणि कॉफी द्यायची नाहीं? कसाई कां आम्ही?"

"अग, ते उपाशी असले पाहिजेत!"

"उपाशीच असतात. अर्धी इडली दिली नाहीं मी कोणास. तुमचें काम मज ठाऊक नाहीं कां?"

प्रोफेसर अक्कांकडे बघत राहिले. मला वाटलं आता हे रागावणार. पण त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते खांबाला टेकून असे हसले की समोरून वकील कोर्टाचा डगला अर्धा चढवून बाहेर आले. अक्कांना काही कळेना. त्या माझ्याकडे वळल्या. "ह्यांस काय जालें ग?"

पुढचा आठवडा मैलापूरची ती गल्ली विसरली नसेल. प्रोफेसरांनी घरोघर जाऊन विनवलं की त्याच सगळ्यांनी पुन्हा यायचं, मात्र कॉफीवाचून. माणसं आली. पण काय चेहरे! कुणी कुणाशी बोलेना. शाळामास्तरांनी डोक्याला ओला पंचा बांधला होता. वकिलांनी हात पुढे केला तो खुनाच्या आरोपीसारखा. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "काल कोर्टात मी माझ्याच अशिलाची उलटतपासणी घेतली. आणखी एक सकाळ अशी गेली तर मी तुमच्यावर दावा लावीन."

"लावा," प्रोफेसर म्हणाले. "पण आधीं हात द्या."

अक्कांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. "त्यांस सांग, पाणी तापलें आहे. त्यांस हेंही सांग कीं ह्या घरांतून माणसें कोरड्या तोंडानें जात आहेत, तें पाहायला माझी सासू नाहीं हें बरें जालें." ते शेजारीच उभे असत. "तिला सांगा," ते मला म्हणत, "कीं मी ऐकलें."

रेघ खाली आली. उतरत उतरत थेट पुस्तकातल्या रेघेवर जाऊन बसली. इतक्या वर्षांची मेहनत, इतके पेपर, तांदूळ, चिंच, उकाडा, सगळं त्या एका आलेखात वाहून गेलं. मी मान वर करायला धजत नव्हते. प्रोफेसरांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला, तिरपा करून पाहिला, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू तेच जुनं हसू आलं.

"बाई, गोऱ्याचें रक्त आणि आमचें रक्त एकच कीं हो! किती संतोष!"

विभागप्रमुखांनी सुचवलं की निबंध मुकाट्याने मागे घ्यावा, प्रकृतीचं कारण सांगावं. प्रोफेसर म्हणाले, "माझी प्रकृति उत्तम आहे. मी स्वतः तपासली आहे." आणि परिषदेत ते उभे राहिले आणि त्यांनी वाचला तो आपल्या चुकीवरचा निबंध. "मान्यवरहो," ते इंग्रजीत म्हणाले, "आमचा शोध असा, की मैलापुरात सकाळी माझ्यावाचून कोणीही उपाशी नसतो." सभागृह खदखदून हसलं. त्यातलं काही हसणं प्रेमाचं होतं, काही नव्हतं. हसू थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "उपाशी आहात का, असं मी विचारलं. सकाळपासून काय काय प्यायलात, असं विचारलं नाही. हा दोष विचारणाऱ्याचा. या रेघेप्रमाणे मी काही माणसांना घरी पाठवलं आहे. त्यांना आता परत आणायचं आहे." तेव्हा कुणी हसलं नाही.

दिल्लीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. काही दिवस त्यांनी एकही पेपर लिहिला नाही. आम्हा सगळ्यांना तो दुखवटाच वाटला. मग एका सकाळी ते आले ते जिन्यातच वाक्य पुटपुटत. विषय होता, कॉफी आणि रक्तशर्करा. त्या पेपरावर त्यांनी माझं नाव घातलं, आपल्या नावाच्या आधी. शेवटी आभार मानताना एक ओळ लिहिली, की ही चूक साहाय्यक बाईंना कळताच त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितली, असा प्रामाणिकपणा प्रयोगशाळेत दुर्मीळ असतो. त्यांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली. अक्का दारातून ऐकत होत्या. त्यांनी माझ्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

घरी पाठवलेली माणसं मोजकीच होती. चिठ्ठ्या पाठवून कुणी येईना, तेव्हा प्रोफेसर स्वतःच निघाले, आणि मला बरोबर घेतलं. अंबत्तूरला टर्नरच्या घरी पोचलो तेव्हा तो कामावरून येऊन अंगणात पाय धूत होता. प्रोफेसरांनी त्याला तमिळमध्ये सरळ सांगितलं, "मी चुकलो. तुला साखर आहे. औषध आणि पथ्य लागेल. चल."

तो काही बोलायच्या आत त्याची बायको बाहेर आली. "तुम्हीच ते नॉर्मल म्हणणारे? तुम्ही नॉर्मल म्हणालात म्हणून मी ताटभर मैसूरपाक केला! अख्ख्या चाळीत वाटला! निम्मा यानेच खाल्ला!"

"किती वड्या?" प्रोफेसरांनी उत्सुकतेने विचारलं.

मग ती जी सुटली! डॉक्टर, हॉस्पिटल, सरकार, कुणालाही तिने सोडलं नाही. प्रोफेसर तिच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि मान डोलावत सगळं ऐकत राहिले, मैफलीला बसावं तसे. ती दमून थांबली तेव्हा म्हणाले, "आणखी काही राहिलं असेल तर बोलून घ्या. मी बसलो आहे." तिला हसू फुटलं. नवराही हसला. दुसऱ्या सोमवारी तो हॉस्पिटलात आला, आणि पुढे कितीतरी वर्षं, आपल्या पायांनी, येत राहिला.

असे एकेक करून सगळे मिळाले. एक बाई सोडून. तिच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, नवऱ्याची नोकरी सुटली, कुठे गेले माहीत नाही. प्रोफेसर दोन्ही बाजूंच्या सगळ्या घरांत जाऊन विचारून आले. त्यानंतरही महिनोन्महिने ते त्या बाजूला गेले की विचारत.

ते कुलूप पाहिलं त्या दिवशी परतताना बस रिकामी होती. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, तुम्ही पेपरात लिहिलंत ना, कळताच सांगितलं म्हणून... ते तसं नाही. मला आधी..."

त्यांनी हात वर केला. "किती आधीं, तें मज सांगूं नका, बाई."

"पण सर..."

"सांगितलेंत तर मज रागवावें लागेल. मज तें नीट येत नाहीं, सराव नाहीं. आणि तुम्ही रुसून गेलांत तर उद्यां रक्त कोण काढील?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "त्या बाईचें घर आणखी एकदां पाहूं. पुढल्या आठवड्यांत."

मी गप्प बसले. पुढेही कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं, त्यांचे शंभर नवे नाद पाहिले, इतकी हसले की तेवढं पुन्हा कुठे हसले नाही, आणि गप्प राहिले. आता ते नाहीत, अक्का नाहीत. रागवायची वेळ कुणावर येणार नाही.

वर्षभर, सर. पुरतं वर्षभर मला ठाऊक होतं. अक्का तंजावरहून आल्या त्याच दिवशी बोलले असते, तर त्या बाईला आपण घरी पाठवलंच नसतं.